हेक्सेनचे दोन घोट

"हे काय केलंत?" शिओरी मिनाकामीने विचारलं.

त्सुकुदाचा हात गाळणीवरच थांबला. "काय केलं? स्फटिक धुतले. बर्फात गार केलेल्या हेक्सेनने, दोन घोट. सगळेच धुतात."

"तुमच्या लेखात नाही तसं."

"अगं, भाताच्या कृतीत तांदूळ धुवा म्हणून लिहावं लागतं का?"

शिओरी हसली नाही. सहा वर्षांपूर्वी त्सुकुदाने एक अमाइन, म्हणजे रासायनिक क्रियेला वळण देणारा एक रेणू, रचला होता. त्याचं काम एकच. आरशातल्या जोडीसारखे डावे-उजवे रेणू तयार होतात, त्यातले उजवेच होऊ द्यायचे. शंभरात साडेनव्याण्णव उजवे, असं लेखात छापलेलं. त्या लेखावर त्सुकुदाला या विद्यापीठातली नोकरी मिळाली. शिओरीच्या हाती आठ महिने त्र्याण्णवच येत होते. तिने स्वतः रचलेला नवा अमाइन सत्त्याण्णव देई, तरी दर सोमवारच्या बैठकीत तो हरलेलाच. "आधी जुनं नीट करून दाखव, मिनाकामी," मोठे प्राध्यापक म्हणत, आणि शेजारी बसलेला त्सुकुदा समजुतीने मान डोलावी. तिचा पीएचडीचा प्रबंध तिथेच अडून बसला होता.

म्हणून आज तिने हट्ट धरला होता. तुम्ही करा, मी नुसती बघते.

त्सुकुदा गाळणीखालच्या चंबूत जमलेलं, धुवायला वापरलेलं हेक्सेन टाकाऊच्या डब्यात ओतायला वळला. तिने चंबू त्याच्या हातातून काढून घेतला.

"ते फेकायचंय गं."

"हो ना. मी कधी काही धुतलं नाही, फेकलं नाही. म्हणून तर हरत होते."

तिने त्यातला थेंब डावे-उजवे वेगळे मोजणाऱ्या यंत्राला दिला. वीस मिनिटं. तेवढ्यात त्सुकुदा खालच्या मजल्यावरच्या विक्रीयंत्रातून कॉफीचे दोन डबे घेऊन आला. तिने तिचा उघडला नाही.

कागद बाहेर आला. दोन शिखरं, डावं आणि उजवं, जवळजवळ एका उंचीची.

"हे बघा तुमचे डावे. थोडे उजवे सोबत घेऊन सगळे इथे येऊन बसलेत, म्हणून वर साडेनव्याण्णव उरतात."

त्सुकुदाने कागद जवळ धरून पाहिला, मग लांब धरून. "मिनाकामी, मी खोटेपणा नाही केला."

"नाही केलात. नीटनेटकेपणा केलात."

लबाडी असती तर तिला घसा फुटेस्तोवर ओरडता आलं असतं. हा माणूस तर परीक्षानळ्यासुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवणारा. राग ओतायचा कुठे?

तिने तो कागद नोंदवहीत चिकटवला, तारीख घातली, 'मापण्याआधी धुतले' असं ठळक लिहिलं आणि वही त्याच्यासमोर सरकवली. पानाच्या तळाशी साक्षीदाराने सहीऐवजी आपल्या नावाचा शिक्का उमटवायची जागा रिकामी होती.

त्सुकुदाने खिसा चाचपला. शिक्का खिशातच होता, तिला दिसला.

"उद्या लावतो," तो म्हणाला. "आधी प्राध्यापकांशी बोलायला हवं. त्या लेखावर किती जणांनी काम उभं केलंय, तुला कल्पना आहे?"

"मीही त्यातलीच एक, त्सुकुदा-सान."

ती स्टूल ओढून समोर बसली. शिक्क्याच्या लाल शाईची डबी उघडून तिने वहीशेजारी ठेवली, आणि झाकण आपल्या कोटाच्या खिशात टाकलं.