रोहिणीचा केसपेपर

"तिनं पुन्ना अन्न सोडलंय, म्याडम," युवराज खुर्चीच्या कडेला टेकत म्हणाला.

शिवांजलीनं केसपेपर पुढं ओढला. वर नाव रोहिणीचं, वय चोवीस, राहणार शिरूर कासारजवळची वस्ती. पण रोहिणी या खोलीत एकदाही आली नव्हती. दर मंगळवारी यायचा तो नवरा.

सरकारी दवाखान्यातल्या त्या खोलीवर 'समुपदेशन केंद्र' अशी पाटी होती. लोक तिला बोलायची खोली म्हणत. तिथं बाया येत. कुणाला मूल होत नाही, कुणाचं पोटातच गेलं, कुणाची सासू उठता-बसता टोचून बोलते. पुरुषानं आपण होऊन यावं म्हणजे उंबराचं फूल. शिवांजलीला या माणसाचं भारी कौतुक होतं. बायकोवर जीव असावा तर असा, हे तिचं घरी स्वतःच्या नवऱ्याला दोनदा ऐकवूनही झालं होतं.

झालं होतं ते असं. दोघं ऊसतोडीला गेलेली. माघात, आठव्या महिन्यातच, रोहिणीला फडात कळा आल्या. मुलगी झाली, ती रडलीच नाही. अशा वेळी आईला बाळ दाखवत नाहीत, कशाला जीव अडकवायचा म्हणून. बापानंच लुगड्याच्या धडप्यात गुंडाळून ते बांधाकडेला पुरलं आणि दुपारी फडात परत गेला. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. बायको कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडून, मग दोघांच्या वाटणीचं त्यानं एकट्यानं तोडलं.

"गावी आल्यापासनं अशीच आहे का ती?"

"न्हाई ना. आदी चांगली होती. तीच मला ताटावर बसवायची, दोन घास खावा म्हणायची. आता मी बसलो तर बसती, न्हाईतर उपाशी." तो जरा थांबला. "आन विहिरीवर जाऊन बसती."

शिवांजलीचा पेन थांबला. "कधीपासून?"

"पंधरा दिस झाले. तिनिसांजा मी तिकडं गेलतो, तर ही काठावर पाय सोडून बसलेली. दुसऱ्या दिशी गेलो, तर पुन्ना तिथंच."

"मग?"

"मग काय, हाताला धरून घरी आणली."

शिवांजलीनं दुसऱ्याच दिवशी वस्तीवरच्या आशा सेविकेला, केशरबाईला, बघून यायला सांगितलं. केशरबाई पदरानं घाम पुसत परत आली.

"खरंय, म्याडम. काठावरच होती. लई समजावलं. म्हणती, मी न्हाई यायची, पर ह्यांना दर मंगळवारी धाडते."

"हट्टी बाई आहे," शिवांजली चिडून म्हणाली. मात्र युवराजला तिनं बजावलं की संध्याकाळी एक मिनिटसुद्धा तिला एकटी सोडायची नाही, जेवायला रोज बरोबर बसायचं, आणि काही कमी-जास्त वाटलं तर लगेच फोन करायचा. त्यानं सगळं मन लावून ऐकलं. शाळेतलं पोरगंही इतकं ऐकत नाही.

"आणि तुम्ही कसे आहात?" एकदा तिनं जाता जाता विचारलं.

"मला काय धाड भरलीय?" त्यानं ढिली झालेली पँट वर ओढली आणि निघाला.

मृगाच्या सुमारास शिवांजलीनं मुद्द्याला हात घातला. "मुलीबद्दल कधी बोलता का घरात?"

"कशाला बोलायचं? उगं जखम उकरायची."

"बोला. तिनं तोंड पाहिलं नाही. तुम्ही पाहिलंय. कशी होती ते तिला सांगा."

"जावळ लई होतं," युवराज फरशीकडं बघत म्हणाला.

"मला नाही, तिला सांगा."

पुढच्या मंगळवारी तो आला तेव्हा डोळे सुजलेले होते.

"सांगितलं."

"रडली?"

"रडलो आमी. नाव ठिवलं तिचं. संस्कृती."

तिथून गाडी रुळावर आली. आधी एक भाकरी, मग दीड, मग दोन. विहिरीकडं जाणं थांबलं. पोळ्याच्या आधल्या मंगळवारी युवराजनं उठून दोन्ही हात जोडले. अंगावरचा सदरा आता नीट बसत होता.

"तुमी माझी बायकू वाचवली, म्याडम. हे उपकार न्हाई फिटायचे."

तो गेल्यावर शिवांजलीनं डोळे पुसले. इतक्या वर्षांच्या नोकरीत असं कुणी म्हणालं नव्हतं.

नंतरच्या मंगळवारी खुद्द रोहिणीच दारात उभी. ठणठणीत, हसरी, हातात मुगाच्या शेंगांची पिशवी. युवराज बाहेर चहाच्या टपरीवर थांबला होता. तिनं पिशवी टेबलावर ठेवली आणि वाकून शिवांजलीच्या पायांना हात लावला.

"अगं, उठ आधी. आलीस बाई एकदाची. झोप लागते का आता?"

"लागती की. मला लागतच व्हती."

"लागत होती? आणि जेवण सोडलेलं, ते?"

"माझं रडून झालं व्हतं, ताई. महिनाभर वस्तीवरच्या बाया माझ्या गळ्यात पडत व्हत्या. ह्यांच्या गळ्यात कुणी पडलं न्हाई."

शिवांजलीनं समोरच्या केसपेपरावरचं नाव पुन्हा वाचलं. "मग विहिरीवर कशाला बसायचीस गं?"

रोहिणीनं दाराकडं बघितलं. टपरीवर युवराज बशीत चहा ओतून घेत होता. तिनं आवाज खाली आणला.

"त्यांना कळू दिऊ नका, ताई. पयले ते जाऊन बसायचे. मग मी त्यांच्या आदी जाऊन बसाया लागले, म्हंजी मला घरी आणायला तरी त्यांना माघारी फिरावं लागंल."