आरपार दिसणारी पट्टी

“मॅडम, हे काढा आन् साधी पांढरी पट्टी बांधा,” अजिनाथ म्हणाला.

पारनेरच्या दवाखान्यात डॉक्टर स्नेहल त्याची पोटरी निरखत होत्या. बारा दिवसांपूर्वी मोटरसायकलचा तापलेला सायलेन्सर त्या पोटरीला चिकटला होता. तळहाताएवढं भाजलं होतं. त्यावर त्यांनी नव्या प्रकारचं ड्रेसिंग लावलं होतं. साखरेच्या पाण्यात वाढवलेल्या जिवाणूंनी विणलेला, ओलसर, पातळ पापुद्रा. तो काचेसारखा आरपार दिसे. जखम बघायला पट्टी उचकटावी लागत नाही, हा त्याचा फायदा.

अजिनाथच्या दृष्टीने तोच तोटा होता.

घरी तीन गाई. धार काढायला उकिडवं बसावं लागतं, आणि भाजल्या पोटरीने ते जमत नाही. म्हणून बारा दिवस दोन्ही वेळच्या धारा त्याची बायको भारती काढत होती. अजिनाथ पडवीत खाटेवर कण्हत पडायचा. पहिले चार दिवस बघायला आलेले लोक हळहळले. पाचव्या दिवसापासून ते पोटरीवर वाकू लागले. शेजारचे पुंजाराम तर चष्मा घेऊन येत. “कडंनं गुलाबी झालंय की,” असं सगळ्यांना सांगत. भारती रोज सकाळी जखमेवर बॅटरी मारून बघे आणि किटली घेऊन गोठ्यात जाई. नवव्या दिवशी तिने कण्हण्याची चौकशी करणं बंद केलं.

“त्या जंतूंना जरा दमानं घ्या म्हणावं,” अजिनाथ म्हणाला. “एवढी घाई कशापायी?”

“जंतू कधीच मेले,” डॉक्टर म्हणाल्या. “पट्टी बनवतानाच त्यांना धुऊन काढतात. राहतो तो फक्त त्यांनी विणलेला पापुद्रा.”

“मरायच्या आधी एवढं काम करून गेले,” भारती दाराशी उभी होती, ती म्हणाली. “आन् जित्यांचं बघा.”

डॉक्टरांनी पापुद्रा अलगद सोडवला. खाली कोवळी, कोरडी कातडी आली होती.

“झालं. आज संध्याकाळपासून उकिडवं बसायला हरकत नाही.”

“जरा ताणतंय, मॅडम.”

“ताणू द्या. धारा काढल्या की सैल होईल.”

अजिनाथ स्टुलावरून उठला. त्याची पाठ वळायच्या आत भारती तिथे बसली आणि तिने उजवा हात पुढे केला. मनगटावर एक ओरखडा होता. तांदळाच्या दाण्याएवढा.

“वासराच्या दाव्यानं कापलंय. मूठच आवळंना.”

डॉक्टरांनी ओरखड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “याला त्या पापुद्र्याचा तुकडा लावू?”

“नगं,” भारती म्हणाली. “मला ती साधी पांढरीच बांधा. कोपरापर्यंत.”