बाळंतिणीचे हात

बाळंतिणीला ऐकू येत नव्हतं, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी तिचा एक हात सलाईनच्या फळीला, दुसरा पलंगाला बांधला होता, कारण ती हिसडे मारत होती. “झोपेचं इंजेक्शन दे गं,” मोठ्या सिस्टर वैतागल्या. “सलाईन उपटेल!” मी सिरिंज भरली, तेवढ्यात तिचा नवरा येऊन पोचला. तोही तिच्यासारखाच. दारातूनच त्याची बोटं भराभर बोलू लागली आणि माझी ट्यूब पेटली. “अहो सिस्टर, आपण हिचं तोंड बांधून ठेवलंय!” फटाफट गाठ सोडली, फळी काढली, सलाईन दंडाला लावलं. सुटल्यासुटल्या तिने दोन्ही हातांचा पाळणा करून हलवला. बाळ तिला कुणी दाखवलंच नव्हतं! मोठ्या सिस्टर स्वतः धावत घट्ट गुंडाळलेली लेक घेऊन आल्या. आईने तिला कुशीत घेतलं आणि आधी दुपट्यातून तिचे दोन्ही हात मोकळे केले.