वैतीशेटची टेरिकॉट सफारी

मुलगी द्यायची की नाही ते ठरवायला वैतीशेट लेकीला घेऊन कोळीवाड्यात आले, तेही कडक इस्त्रीच्या टेरिकॉट सफारीत. वेशीवरच मुलाच्या आईनं, लाडकूबाईनं, सुती धोतर पुढं केलं.

"व्याहीबुवा, आधी हे नेसा. आत किडा हाय."

"अजून व्याही झालो नाय! आणि किड्याला भिऊन लेकीदेखत धोतर नेसू?" म्हणत वैतीशेट तसेच आत शिरले.

रिफायनरी बंद झाली तेव्हा खाडीत सांडलेलं तेल खायला साहेबलोकांनी हा किडा सोडला होता. डोळ्यांना दिसत नाही, पण पठ्ठ्यानं तेल संपवलं आणि मग तेलापासून बनलेलं सगळंच खायला घेतलं. नायलॉनची जाळी गेली, प्लास्टिकच्या बादल्या गेल्या, चपला गेल्या, टेरिकॉटचे कपडे नि त्यांचा दोराही गेला. तेव्हापासून या वाड्यात कुणी मुलगी देईना. लाडकूबाईचा जयेंद्र पस्तिशीला आला होता.

वैतीशेट चहाची बशी घ्यायला वाकले आणि विजार मागून टराटरा उसवली. दचकून सरळ झाले, तर एक बाही गळून पडली. जयेंद्रनं मान खाली घातली. जमत आलेलं मोडलं, असंच त्याला वाटलं.

"आणा ते धोतर," वैतीशेट खेकसले. "आणि मोहिनी, ऊठ. तुझी साडी फाटायच्या आत निघू."

मोहिनी जागची हलली नाही.

"बाबा, माझं काय फाटत नाय. साडी सुती हाय, ब्लाउज सुती दोऱ्यानं शिवलाय. आणखी चार शिवायला टाकलेत."