सडापाणी

“टाकीत येईल ते शुद्ध केलेलं सडापाणी,” कीर्तना म्हणाली, आणि भजनमठात जमलेली अख्खी गल्ली गप्प झाली.

तिला वाटलं, आपण जिंकलो. आपल्या मराठीत एवढं बळ असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मग मागे कोणीतरी फिस्सकन हसलं, आणि तिच्या लक्षात आलं की काहीतरी चुकलंय. काय चुकलंय ते मात्र कळेना.

तंजावरच्या या मराठी गल्लीतच ती लहानाची मोठी झाली होती. घरी आईवडील मराठीत विचारत, ती तमिळमध्ये उत्तर देई. त्यात कुणाचं काही अडलं नाही. आता ती महानगरपालिकेत इंजिनीयर होती. शहराचं गटाराचं पाणी धुऊन, गाळून गल्लीच्या टोकाला एका टाकीत आणायचं, आणि झाडांना, फरशांना, गुरांना, गाड्यांना ते सगळ्यांनी मिळून वापरायचं, अशी योजना होती. नळाचं गोडं पाणी मग पिण्यापुरतं तरी पुरलं असतं. जागा एका कार्यालयाची, पाणी दुसऱ्याचं, पाइप तिसऱ्याचा. तिघांची तोंडं तीन दिशांना. त्यांना एका टेबलाशी बसवता बसवता तिच्या नाकी नऊ आले होते. टाकी आपल्याच गल्लीत व्हावी म्हणून तिने साहेबांपाशी शब्द टाकला होता. आणि नाही म्हणत होती तीच गल्ली.

मागची सभा तमिळमध्ये झाली होती. साक्कडै म्हणजे गटार. तो शब्द तिच्या तोंडून निघाला मात्र, लोक चपला घालून घरी गेले. आज पुन्हा नकार आला तर टाकी बायपासपलीकडे जाणार होती. म्हणून या खेपेला तिने मराठीत बोलायचं ठरवलं. वडिलांकडून ‘सांडपाणी’ हा शब्द घेतला, आणि मोपेडवरून येताना वाटभर घोकला.

श्रीनिवासराव उठले. हे निवृत्त पोस्टमास्तर, गल्लीतले सगळ्यांत वडील, आणि टाकीचे सगळ्यांत मोठे विरोधक. त्याहून मोठी त्यांची ख्याती म्हणजे चुकीचं मराठी त्यांना सोसत नसे. लग्नाच्या पंगतीत वाढणाऱ्याचा शब्द चुकला, तर पानावरचा हात थांबवून ते आधी शब्द नीट करत, मग रसम ओतून घेत.

“बाळ,” ते म्हणाले, “सांडपाणी म्हणायचं होतं तुज. सडापाणी म्हणजे...”

“सड्याला मिळेल काय गं?”

हा आवाज बायकांच्या बाजूने आला. कनकलतामामी, श्रीनिवासरावांची बायको. सभेत त्या कधी बोलत नसत. पण त्यांची रांगोळी पाहायला पहाटे येणारी-जाणारी माणसं सायकली थांबवत. यंदा बोअर आटला, आणि मामींचा दारातला सडा बंद झाला. प्यायच्या पाण्यात दार भिजवायला त्यांचं मन धजेना. कोरड्या धुळीवर त्या तांदळाच्या पिठाचा कोलम काढत, आणि पहिली मोपेड गेली की पीठ उडून जाई. मामी दारात उभ्या राहून ते बघत. श्रीनिवासराव खिडकीतून मामींना बघत, आणि त्यांना फार वाईट वाटे. पण हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

“रोज मिळेल, मामी,” कीर्तना म्हणाली. हो म्हणून गप्प बसली असती तर काम झालं असतं. “पण खोटं नाही सांगणार. साक्कडैचंच पाणी ते. धुतलेलं, गाळलेलं, तपासलेलं. पण तिथलंच. माझा शब्द चुकला.”

सभेत कुजबुज सुरू झाली. दाराजवळच्या दोघांनी चपलांत पाय घातलेसुद्धा.

“चुकली ती,” श्रीनिवासराव बायकोला म्हणाले. “ऐकलंस ना? गटाराचं आहे.”

“ऐकलें,” मामी म्हणाल्या. “आणि जन्मभर मी दारात काय शिंपडलें? चांगल्या पाण्यात शेण कालवूनच ना? त्यावरून तुम्ही देवळाला जात होतां. तेव्हां बाटलां नाहीं.”

आधी बायका हसल्या, मग पुरुष. दाराजवळच्या दोघांनी चपला काढल्या. श्रीनिवासरावांनी तोंड उघडलं, पण सुधारावं असं मामींच्या बोलण्यात काही सापडेना. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं. मामींचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतंच. त्या उघड्या दारातून रस्त्यावरच्या धुळीकडे बघत होत्या, आणि उजव्या हाताची चिमूट नकळत हलत होती.

“टाकीवर पाटी लावणार काय?” श्रीनिवासरावांनी कीर्तनेला विचारलं.

“लावणार, मामा. तमिळमध्ये. देवनागरी इथे वाचणार कोण?”

“तमिळमध्येच लाव. पण शब्द ‘सडापाणी’च घाल,” श्रीनिवासराव म्हणाले. “आणि कोणी सुधारायला आला, तर त्याला माझ्याकडे पाठव.”