चिमटीत धरलेलं भोक

"बाहीला पिन ठेवून पेटीत हात घालू नकोस," असं प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ काकांनी तिला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. "बंदच असते हो काका," म्हणून तिनं ते कानाआड केलं. पिन लेकीच्या लाळेऱ्याची. पाळणाघराच्या दारात ऐनवेळी एखादी कमी पडते, म्हणून जास्तीची एक बाहीच्या काठाला टोचलेली.

आज दुपारी चारला तिचे दोन्ही हात त्या पेटीत होते. पेटी काचेची, आत हवा नाही, नुसता नायट्रोजन. पुढच्या काचेला खांद्यापर्यंतचे दोन रबरी हातमोजे बसवलेले; आतलं सगळं काम त्यातूनच करायचं. समोर सोळा काचा, एकेक नखाएवढी. त्यांच्यावर तिनं स्वतः बनवलेल्या रेणूचा पातळ थर. वीज दिली की तो उजळणार, असं निदान कागदावर तरी होतं. रेणू आदल्या वर्षीचा, दुसऱ्या देशातल्या विद्यापीठातला. सेंद्रिय इलेक्ट्रॉनिक्सच्या त्या पदवीचं तसंच होतं, एक वर्ष तिकडे, एक वर्ष इकडे. बाटलीच्या तळाशी होतं-नव्हतं ते आज संपलं होतं. उद्या सकाळी मोजणी, आणि तिच्यावर प्रबंध. वरून झाकणाच्या काचा चिकटवायच्या तेवढ्या राहिल्या होत्या. झाकण बसण्याआधी हवा लागली, की थर मेला.

तेवढ्यात खिशातला फोन वाजला. पाळणाघराची रिंग तिनं वेगळी लावून ठेवली होती. तिनं उजवा हात हिसका देऊन बाहेर ओढला.

"अंग जरा तापलंय," पाळणाघरातल्या बाई म्हणाल्या. "घाबरू नका, पण या."

घाबरू नका म्हटल्यावर कोण घाबरत नाही? ती फोन खिशात टाकते न टाकते तोच पेटी किंचाळायला लागली. दहा लाखांत किती भाग ऑक्सिजन, हा आकडा महिनोन्‌महिने एकच्या वर गेला नव्हता. तो चाळीसवर गेला, मग शंभरवर. तिनं बाहीकडे पाहिलं. पिन उघडी लोंबत होती.

काका आले. ते कधीच धावत नसत, आजही धावले नाहीत. पिनेकडे त्यांनी एकदा पाहिलं, बस्स. चार शब्द सुनावले असते तर तिला बरं वाटलं असतं. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधावं तसा त्यांनी लोंबत्या हातमोज्याला कान लावला, वरच्या टोकाशी बारीक सुस्कारा सापडला, तिथलं रबर दुमडून उजव्या हाताच्या चिमटीत घट्ट धरलं. पायानं पेडल दाबून नायट्रोजन सोडला. आकडा थबकला.

"चिकटपट्टी आणू?"

"रबराला धरत नाही ती. नवा हातमोजा चढवायला दोन तंत्रज्ञ लागतात, माझा जोडीदार यायला तास आहे. फोन कुणाचा होता?"

"पाळणाघराचा. ताप आलाय तिला."

"मग उभी काय राहिलीस?"

"काका, सोळाच्या सोळा उघड्या आहेत. रेणू संपला."

"दोन्ही लेकरं एकदमच रडायला लागली म्हणायची." काकांचा डावा हात तोवर दुसऱ्या हातमोज्यात शिरलाही होता. "तू तुझं बघ. हिला मी बघतो."

"झाकणाच्या काचा त्या डाव्या..."

"डबीत. माहितीये. तू यायच्या आधीही लोक पदव्या घेतच होते इथं."

ती पळाली.

औषध पाजलं, डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, लेक खांद्यावर झोपली. घरी जायचं सोडून तिचे पाय परत त्या इमारतीकडेच वळले. आत मूल नेता येत नाही. ती दाराच्या काचेशी उभी राहिली.

जोडीदाराचा पत्ता नव्हता. काका होते तसेच होते. उजवा हात खांद्याच्या वर, चिमूट मिटलेली, चेहरा क्षणभर भिंतीकडे फिरवलेला, मग पुन्हा काचेकडे. आत डाव्या हातानं एक झाकण अलगद बसलं, वरून गोंद सुकवणारा जांभळा दिवा फिरला. आकडा दोनवर आला होता. काकांची नजर दाराकडे गेली. त्यांनी हनुवटीनंच विचारलं, पोरगी? तिनं लेकीच्या कपाळावर हात ठेवून, ताप उतरलाय अशी मान डोलावली. तेव्हा आतल्या जाड रबरी हाताची दोन बोटं वर झाली. दोनच राहिल्या.

सकाळी सोळातल्या चौदा उजळल्या. हिरवट निळ्या. तिनं काकांना हात धरून आणलं, दिवे घालवले आणि दाखवलं. "बरं आहे," काका म्हणाले, "पण पिन?" तिनं दोन्ही बाह्या कोपरापर्यंत वर सारून दाखवल्या.

त्यांच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन तीन महिन्यांपूर्वीच झालं होतं, हात वर धरायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे तिला त्यांच्या त्या जोडीदाराकडून कळलं, तेही पदवी हातात पडल्यावर, सामान बांधून झाल्यावर. आता ती खूप लांब असते. फोन केला की काका म्हणतात, "ठणठणीत आहे. पोरगी काय म्हणते?"

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. त्या बाजूला कधी गेलात, तर तळमजल्यावर डावीकडचं शेवटचं दार. कसे आहात म्हणून विचारत बसू नका, खरं सांगणार नाहीत. वरच्या फळीवरची एखादी बाटली मागा. आणि ती कुठल्या हातानं काढतात, तेवढं बघून तिला कळवा.