खंडेनवमीची सुट्टी

दसऱ्यापासून लस्सीच्या गाडीतला फ्रीज चालेना. गाडी पळताना चार्ज होणारी त्याची वेगळी बॅटरी चार्जच होत नव्हती. लस्सी आंबली की आकाराम बायकोवर खेकसायचा, "तूच फ्रीजचं दार सताड उघडं टाकतीस!"

आज संयोगितानं स्वतःच बॅटरीचं झाकण उघडलं. बॅटरीवर हळदीकुंकू होतं आणि चार्जिंगची वायर बाजूला लोंबत होती.

"व्हय की, मीच काढलती," आकाराम ओशाळला. "खंडेनवमीला हत्यारांना सुट्टी असती. परत जोडायची ऱ्हायली बघ."

त्याच खंडेनवमीला सकाळी ही गाडी तिनं धुतली होती आणि दुपारी पावण्यांच्या पंगतीला भाकऱ्याही तिनंच थापल्या होत्या.

"पुढच्या खंडेनवमीला," ती कडाडली, "हत्यारांच्या रांगेत मलाबी पूजेला मांडा!"